पांढऱ्या कापडाखालचं हेल्मेट

१

आत्या पोचली तेव्हा घरात कुणीतरी गेल्यासारखी शांतता होती. चपला काढता काढता तिने नजरेनेच घरातली माणसं मोजून घेतली. दादा आरामखुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. भाचा मोबाइलवर अंगठा फिरवत होता, पण बघत काहीच नव्हता. आतल्या खोलीतून कपाटाची दारं आपटल्याचे आवाज येत होते, म्हणजे सून तिथे होती. छोटी चिमी दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधायचा प्रयत्न करत होती. सगळी माणसं जागच्या जागी होती.

"कोण गेलं?" आत्याने विचारलं.

"हेल्मेट," भाचा म्हणाला.

हसू येण्यासारखंच होतं, पण ती हसली नाही. दादा हा तिचा थोरला भाऊ. आयुष्यभर त्याने लोकांचे दात उपटले आणि दवाखाना बंद केल्यावर जर्मन सैनिकांची जुनी हेल्मेटं गोळा करण्याचा नाद धरला. का, ते विचारायची सोय नव्हती. कुणी विचारलंच तर तो पहिल्या महायुद्धाच्याही आधीपासून सुरुवात करी आणि विचारणाऱ्याच्या हातातला चहा थंडगार होई. घरातली सगळ्यात हवेशीर खोली त्याने हेल्मेटांना दिली होती. माणसं उरलेल्या खोल्यांत एकमेकांच्या पायात येत राहत.

"काल संध्याकाळी फिरून आलो," दादा भिंतीलाच सांगू लागला, "नव्या हेल्मेटवरचा टॉवेल काढला, तर पुढची कड तडकलेली. शंभर वर्षांहून जुनं चामडं. दोन महायुद्धं काढली त्याने, बोटीचा प्रवास काढला, आणि माझ्या घरात आठवडा नाही काढला."

"पडलं असेल."

"पडलेलं हेल्मेट आपणहून उठून टेबलावर चढून बसत नाही. कुणीतरी पाडलं आणि साळसूदपणे परत ठेवलं. कुणी, ते विचार तुझ्या लाडक्या भाचेसुनेला. किल्ली तिच्याकडे होती. आणि परवाच म्हणाली होती, 'ही भुतं घरातून जातील तर बरं.' आता एक गेलं. खूश असेल!"

आतले आवाज थांबले. सून दारात आली. तिचे डोळे कोरडे होते, आणि आत्याला तेच जास्त भीतीदायक वाटलं.

"बरं झालं आत्या, तुम्ही भेटलात," ती म्हणाली. "दुपारच्या गाडीने मी आणि चिमी आईकडे जातोय. परत यायचं की नाही, ते तिथे गेल्यावर ठरवीन."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मोबाइलकडे पाहिलं. सून पुन्हा आत गेली.

२

आत्याच्या पायाला भिंगरी होती असं घरात सगळेच म्हणत. तिची नोकरीही तशीच होती. विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करायची. जळालेली गोदामं, खड्ड्यात गेलेले ट्रक, पाण्याखाली गेलेली दुकानं बघत ती आयुष्यभर हिंडली होती. माणसं खोटं कसं बोलतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. हेल्मेटातलं मात्र तिला ओ की ठो कळत नव्हतं. आज तर तिला एका जागी उभंही राहवत नव्हतं. दुपारची गाडी चुकवायची तर हातात जेमतेम सकाळ होती.

ती सुनेच्या खोलीत गेली आणि पलंगाभोवती येरझाऱ्या घालू लागली.

"आत्या, बसा ना. गरगरतंय मला."

"बसले की माझं डोकं चालत नाही. तू सांग. हेल्मेट घरात आलं तेव्हापासून."

सून हातातला फ्रॉक घडी करत बोलू लागली. खोकं आलं तेव्हा बाबा आंघोळीला गेले होते. आणणारा माणूस म्हणाला, उघडून बघा, मोडकं असेल तर आत्ताच सांगा. म्हणून तिने उघडलं. "काळं चामडं, पुढे पितळी गरुड आणि वर हा एवढा काटा. मला तर बघूनच कसंतरी झालं. पण बाबा बाहेर आले आणि लहान मुलासारखे नाचायला लागले. म्हणाले, रविवारी हेल्मेटवाली मंडळी जमतील तेव्हा दाखवीन, तोवर कुणाला म्हणजे कुणाला दाखवायचं नाही. टॉवेल टाकला त्यावर."

"आणि काल?"

"आज मंडळी यायची होती, म्हणून काल खोली झाडायला घेतली. बाबांनी शिकवलंय तसं दाढीच्या ब्रशने धूळ काढली. हात लावला नाही. तेव्हा ते धडधाकट होतं, आत्या. कानांवर दोन गोल चकत्या असतात ना, त्यासुद्धा मी पुसल्या. समोर उभं राहिलं की माझ्या डाव्या हाताला नुसती काळी-पांढरी आणि उजव्या हाताला लाल पोटाची. ती खिडकीकडे होती, उन्हात छान चमकत होती. मनात म्हटलं, एवढ्या भयाण वस्तूत एवढीच काय ती गोड आहे. मग टॉवेल टाकला आणि किल्ली खुंटीला लावून चिमीला आंघोळ घालायला गेले."

"त्यानंतर खोलीत कोण गेलं?"

"आधी संग्रहालयातल्या बाई. वस्तू गुंडाळायचा कागद घेऊन आल्या होत्या. मग कर्नलकाका, लाकडी स्टँड ठेवायला. दोघांनाही मी मोरीतूनच ओरडून सांगितलं, किल्ली खुंटीला आहे म्हणून. नंतर हे गेले, कसली तरी वायर आणायला. मग बाबा आले आणि..." तिने घडी केलेला फ्रॉक पुन्हा उलगडला. "सगळ्यांच्या देखत म्हणाले, 'तू मुद्दाम केलंस.' मुद्दाम! मी रागाने बोलते, आत्या, पण मी वस्तू फोडणारी बाई आहे का?"

"नाहीस."

"हे तुम्ही म्हणता. ज्याने म्हणायला हवं होतं तो सोफ्यावर बसला होता. एक शब्द बोलला नाही."

तिने फ्रॉक बॅगेत टाकला आणि चेन ओढली. आत्या खोलीबाहेर पडली ती जवळजवळ पळतच.

३

हेल्मेटांच्या खोलीत कपाटं होती, फळ्या होत्या आणि फळ्यांवर बिनचेहऱ्याची डोकी. एका बाजूला चामड्याची, काट्याची हेल्मेटं, दुसऱ्या बाजूला पोलादी. मधल्या टेबलावर पांढरं कापड टाकलेलं होतं, म्हणजे त्याखाली ते होतं. दादाने काल तडा पाहिला, हे कापड टाकलं आणि त्यानंतर तो खोलीत फिरकलाच नव्हता.

आत्याने कापड उचललं. तडा पुढच्या कडेला होता, कपाळावर येते तिथे. तो तिने एकदाच पाहिला. नोकरीत तिची एक सवय होती. मोडलेला भाग सगळेच बघतात, म्हणून आपण आधी न मोडलेला बघायचा. जळालेल्या गोदामात ती नेहमी न जळालेल्या कोपऱ्यात जाऊन उभी राहायची आणि मालकाला घाम फुटायचा.

काटा सरळ होता, गरुड जागेवर होता. हनुवटीखालचा पट्टा दोन्ही कानांपाशी अडकवलेला होता आणि दोन्हीकडे पट्ट्याच्या टोकाखाली एकेक चकती होती. एका चकतीच्या कडेला धुळीचा एक करडा पुंजका चिकटला होता.

आत्या थबकली. ज्या हेल्मेटवरून काल ब्रश फिरला त्यावर हा पुंजका आला कुठून? असे पुंजके कपाटाखाली असतात, जिथे झाडू पोचत नाही आणि ज्याबद्दल कुठल्याही सुनेला दोष देऊ नये.

तिने पदर खोचला आणि सरळ फरशीवर पालथी पडली. कोपऱ्यातल्या कपाटाखाली धुळीचा पातळ थर होता. त्यातून एक बारीक स्वच्छ रेघ आत गेली होती, काहीतरी गोल घरंगळत जावं तशी. त्या रेघेच्या टोकाशी बोटांनी चाचपडल्याच्या खुणा होत्या.

म्हणजे हेल्मेट पडलं तेव्हा पट्टा सुटला, चकत्या निखळल्या, एक घरंगळत कपाटाखाली गेली. कुणीतरी गुडघ्यावर बसून ती काढली आणि परत बसवली. चिमीचं काम नव्हे. मांजराचंही नव्हे.

आत्या उठली, साडी झटकली, पुन्हा हेल्मेटसमोर उभी राहिली. खिडकीकडे, तिच्या उजव्या हाताला, नुसती काळी-पांढरी चकती होती. लाल पोटाची चकती डाव्या हाताला होती.

सुनेने सांगितलं होतं ते बरोबर उलटं.

४

एक तर सून खोटं बोलली होती किंवा तिची आठवण चुकली होती. दोन्ही गोष्टी आत्याला नको होत्या, आणि नको असलेली गोष्ट खरी असू शकते हेही तिला माहीत होतं. ती खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हिंडली. मग दार उघडून तिने भाच्याला हाक मारली.

"इकडे ये. काल तू इथे आला होतास."

"वायर घ्यायला. दारामागे होती. मी टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही, आत्या. शपथ. बाबांच्या टॉवेलाला हात लावायची माझी छाती नाही."

एवढं मात्र खरं वाटण्यासारखं होतं. आत्याने फळीवरचं दुसरं काट्याचं हेल्मेट त्याच्यासमोर ठेवलं. "याचा पट्टा काढ आणि चकत्या काढून परत बसव."

"मी?"

"नाही, मी शेजाऱ्यांना बोलावते. काढ म्हटलं ना!"

भाच्याने पट्टा ओढला. मग दाबला. मग फिरवला आणि स्वतःच्याच बोटाला चिमटा काढून घेतला. त्या पट्ट्याच्या टोकाला खाच होती, ती कानाजवळच्या खिट्टीवर ठरावीक कोनात धरून वळवायची असते, तेव्हाच ती निघते आणि तेव्हाच बसते. सवय नसलेल्या माणसाचा त्यात जीव जातो. आत्याने स्वतः करून पाहिलं. तिचंही नख दुमडलं.

"बाबा मला लहानपणी शिकवायचे," भाचा बोट चोखत म्हणाला. "मला कधीच जमलं नाही. तिलाही नाही जमत. एकदा प्रयत्न केला होता, तर बाबा म्हणाले, तू ब्रशच फिरव."

आत्याने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तिने पाडलं असं वाटतं तुला?"

"नाही... म्हणजे नसेल पाडलं."

"मग बाहेर जाऊन तसं बोल."

"बाबांसमोर? पुरावा काय माझ्याकडे?"

आत्याच्या ओठांवर आलेला शब्द चारचौघांत वापरायचा नव्हता. तो तिने गिळला आणि फोन उचलला. संग्रहालयातल्या बाई आणि कर्नल, दोघांनाही संध्याकाळऐवजी आत्ताच यायला सांगितलं. घड्याळाकडे बघायचं तिने टाळलं. बाहेर सून टॅक्सीवाल्याशी बोलत होती.

५

आधी कर्नल आला. हा माणूस सैन्यात कधीच नव्हता. त्याने जन्मभर बटणांचं दुकान चालवलं. पण मिशा, चाल आणि दुसऱ्यावर ओरडायची हौस यामुळे त्याला कर्नल म्हणत आणि तो ओ देई. हेल्मेटांच्या मंडळीत त्याचा शब्द शेवटचा असे. नवखा कुणी काटा धरून हेल्मेट उचलू लागला की तो खोली दणाणून सोडी, "खालून! दोन्ही हातांनी! ते काय पातेलं आहे?"

"फार वाईट झालं," तो खुर्चीत बसत म्हणाला. "दादाकडे बघवत नाही. पण घरातल्या घरात मिटवा आता. तरुण पोर आहे, हात लागला असेल."

"तुम्ही काल ते पाहिलंत का?"

"छे! दादाने टॉवेल टाकलाय म्हणजे दादाच काढणार. मंडळीचा शिरस्ता आहे. मी स्टँड कोपऱ्यात ठेवला आणि निघालो."

"मला एक शिकवा ना," आत्या भोळा चेहरा करून म्हणाली. भाच्याला न जमलेलं हेल्मेट तिने पुढे केलं. "याचा पट्टा कसा काढतात?"

कर्नल खुलला. एक झटका, दुसरा झटका, पट्टा त्याच्या हातात आला आणि चकत्या तळहातावर पडल्या. बटणांवर पोसलेली बोटं ती. बोलता बोलता त्याने सगळं परत बसवलंसुद्धा. "लाल पोटाची देशाची, ही उजव्या कानावर. दुसरी प्रांताची, ती डाव्या कानावर. यात बदल नाही."

"उजवा कान म्हणजे माझ्या उजव्या हाताकडचा?"

"अहो, घालणाऱ्याचा उजवा! बघणाऱ्याला ती डावीकडे दिसणार. नवखे इथेच चुकतात. मला झोपेत उठवून विचारा, हात आपोआप तिकडेच जातील."

आत्याने त्याचे आभार मानले आणि त्याला दादापाशी बसवून ती व्हरांड्यात आली. आता ती पुरती बेचैन झाली होती. नियमाप्रमाणे लाल चकती बघणाऱ्याच्या डावीकडे हवी, आणि तडकलेल्या हेल्मेटवर ती तिथेच होती. म्हणजे हेल्मेट बरोबर होतं. चूक होती ती फक्त सुनेच्या सांगण्यात.

फाटक वाजलं. संग्रहालयातल्या बाई आल्या. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या, वस्तूला हात लावायच्या आधी हातमोजे घालणाऱ्या. आत्याने त्यांना फाटकातच गाठलं.

"तुम्ही ते हेल्मेट काल पाहिलंत?"

"काल नाही. पण फोटोत पाहिलंय." बाई जरा ओशाळल्या. "विकत घ्यायच्या आधी दादांनी मला फोटो पाठवले होते. कुणाला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं. त्यांना एक शंका होती."

"कसली?"

बाईंनी फोन काढला, फोटो मोठा केला आणि आत्यासमोर धरला. आत्याने तो पाहिला, पुन्हा पाहिला. मग तिने बाईंचा दंड धरून त्यांना इतक्या जोरात आत नेलं की त्यांची पर्स फाटकाला अडकली.

६

"सगळ्यांनी इथे या," आत्या म्हणाली. "सूनबाई, तूसुद्धा. टॅक्सी थांबेल."

तिने हेल्मेट खालून, दोन्ही हातांनी उचलून आणलं आणि दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवलं. वर पांढरं कापड तसंच होतं.

"दादा, हे तू का घेतलंस?"

"आता काय त्याचं?" दादा म्हणाला. पण प्रश्न हेल्मेटबद्दल होता, त्याला गप्प बसवेना. "याच्या चकत्या उलट्या आहेत. देशाची डाव्या कानावर, प्रांताची उजव्या. कुणा पोराला घाईघाईत टोपी मिळाली असेल, त्याने चुकीची लावली आणि ती तशीच राहिली. बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या चकत्यांभोवतीचे चामड्यावरचे डागही तसेच आहेत, म्हणजे चूक जुनी आहे. अशा टोप्या मी खूप पाहिल्या, पण त्या घालणारा पोरगा मला यातच पहिल्यांदा दिसला. आज संध्याकाळी मी तुम्हाला तेच दाखवणार होतो."

"मग बघ आता."

तिने कापड काढलं. दादा वाकला. त्याने आधी तड्याकडे पाहिलं, मग सवयीने कानांकडे. मग तो सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा पार बदलला होता.

"हे... हे बरोबर कसं झालं?"

"तेच तर," आत्या म्हणाली. ती आता टेबलाभोवती फिरत होती आणि तिच्याबरोबर सगळ्यांच्या माना. "काल कुणीतरी हे पाडलं. पट्टा सुटला, चकत्या निखळल्या, एक कपाटाखाली गेली. त्या माणसाने ती काढली आणि सगळं जागेवर लावलं. धुळीचा पुंजका अजून तिला चिकटलाय, बघा. आता हा माणूस कोण? भाचा? त्याला हा पट्टा जन्मात बसवता आलेला नाही. मी डोळ्यांनी पाहिलं. सूनबाई? तिलाही तो बसत नाही, म्हणून तर दादा, तू तिला ब्रशच फिरव म्हणाला होतास. शिवाय ही वस्तू मुळात कशी होती हे तिने मला न विचारता सांगितलं, लाल चकती खिडकीकडे, उजव्या हाताला. तिने लावली असती तर तशीच लावली असती. संग्रहालयातल्या बाईंना पट्टा बसवता येतो, पण उलट्या चकत्या त्यांनी फोटोत पाहिल्या होत्या. आणि दादा, तू स्वतः पाडलं असतंस तरी तू उलटंच लावलं असतंस, कारण त्या उलटेपणासाठी तर तू जीव टाकत होतास."

ती थांबली. थांबणं तिला जमत नसे, पण आत्ता जमलं.

"राहतो तो माणूस असा, की ज्याला सगळ्या हेल्मेटांबद्दल सगळं ठाऊक आहे आणि या एका हेल्मेटबद्दल काहीच ठाऊक नाही. त्याने ते पडायच्या आधी नीट पाहिलेलंच नाही. बघायला म्हणून उचललं आणि हातातून सुटलं. मग त्याचे हात आपोआप नियमाकडे गेले. झोपेत उठवलं तरी जातात, असं मला आत्ताच कुणीतरी सांगितलं."

कुणीच कर्नलकडे बघितलं नाही, आणि त्यामुळे कर्नलला ते जास्त जड गेलं.

"मी काटा धरून उचललं," तो खाली बघत म्हणाला. "टॉवेलाखाली काट्याचा उंचवटा दिसत होता. दादाने एवढं लपवून ठेवलेलं आहे तरी काय, बघून लगेच ठेवू म्हटलं. घाई झाली, टॉवेलही काढला नाही. काटा धरला. मी, ज्याने आयुष्यभर त्यासाठी लोकांना शिव्या घातल्या. उद्या मंडळीत तोंड कसं दाखवू?"

"आणि ही पोर?" आत्याचा आवाज चढला. "हिच्यावर आळ आला तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"घरचं माणूस आहे, दोन दिवसांत मिटेल असं वाटलं. माझं मिटलं नसतं."

दादा खुर्चीतून उठला. त्याने कर्नलकडे पाहिलंही नाही, हेल्मेटकडेही नाही. तो सुनेसमोर जाऊन उभा राहिला. दाढ काढल्यावर पेशंट बोलतात तसं तो बोलला.

"चुकलो मी. माझी जीभ झडो. तू जाऊ नकोस."

"बाबा, तुमचं मला वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं," सून म्हणाली. "हेल्मेटांपुढे तुम्हाला माणसं दिसत नाहीत, हे मी या घरात आले तेव्हापासून बघतेय. तुमच्यावरचा राग जाईल माझा."

भाच्याच्या चेहऱ्यावर आता कुठे रंग आला. तो पुढे झाला आणि त्याने बॅगेची मूठ धरली. "झालं ना सगळं सिद्ध? टॅक्सी परत पाठवतो."

"काय सिद्ध झालं?"

"हेच, की तू नाही पाडलंस."

"ते मला कालच माहीत होतं. तुला?"

"मलाही वाटतच होतं."

"मग काल बोलला का नाहीस?"

भाच्याने आत्याकडे पाहिलं. मघापासून तिने एवढ्या गोष्टी उलगडल्या होत्या, ही एक तीच उलगडेल अशी त्याला आशा होती. आत्या खिडकीकडे बघत राहिली.

"बाबा समोर होते," तो शेवटी म्हणाला.

"मीही समोर होते," सून म्हणाली.

तिने त्याच्या हातातून मूठ सोडवली, चिमीच्या नाड्या वाकून नीट बांधल्या आणि पायऱ्या उतरली. तिच्या हातून बॅग घ्यायला दादा अनवाणीच मागे धावला, आणि तिने ती त्याला घेऊ दिली. टॅक्सीत बसेपर्यंत दादा काहीतरी बोलत होता आणि ती मान हलवत होती.

भाचा दारातच उभा राहिला. आत्याने त्याला जा म्हणून सांगितलं नाही. ते त्याला सांगावं लागलं असतं, तर त्याने जाऊन काही उपयोग नव्हता.